तापल्या पायांनी घेतलेले बूट

मोहन,

तुझे दिवस करून झाले. भेटायला येणाऱ्यांची रीघ आता ओसरली आहे. येणारे चहा घेतात, तुझ्या फोटोकडे बघतात आणि जुन्या ओळखीतले असतील तर न चुकता म्हणतात, "त्या खिंडीचं तेवढं राहूनच गेलं हो त्यांचं. तुम्हाला त्रास झाला ना तिथे?" मी "हो" म्हणते. सांत्वनाला आलेल्या माणसाशी वाद घालत नाहीत. तुझ्याशी घालायला मात्र हरकत नाही. लग्न झाल्यापासून आपण दुसरं केलंय काय? त्यातला हा एकच वाद तू दर वेळी अर्धा टाकून उठायचास.

म्हणून आज पुन्हा पहिल्यापासून सांगते. आपण खिंडीखालून परत आलो ते माझ्यामुळे नाही, तुझ्या बुटांमुळे. हे तुला माहीत होतं आणि मलाही. मला ती खिंड तुझ्याइतकीच हवी होती, कदाचित थोडी जास्तच. ती मिळाली नाही याचं दुःख मी कधीच पचवलं. पण 'बायकोला झेपलं नाही' हे जे माझ्या नावावर चढलं ते काही पचलं नाही.

आपली ओळखच मुळात बर्फावरची. मनालीच्या स्कीच्या कोर्सला आलेल्या मराठी पोरांत तू एकटाच असा होतास की ज्याला घसरत खाली येण्यापेक्षा वर चढण्यात रस होता. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे ती मागे घसरत नाही, मग आपल्याच पायांनी डोंगर चढायचा, खिंड ओलांडायची आणि पट्ट्या सोलून काढून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं, असं तू मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलंस. मला आधीच माहीत होतं. तरी मी ऐकून घेतलं, यावरून आईने पुढे जो निष्कर्ष काढला तो बरोबर निघाला.

पुढे तुला सौदीत नोकरी लागली आणि आपण धाहरानला गेलो. बर्फाशी संबंध फ्रीजपुरता उरला. तू रोज कंपनीच्या बसने रास तनुराच्या रिफायनरीत जायचास, मी भारतीय शाळेत गणित शिकवायची, आपली केतकी त्याच शाळेत जाऊन मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायला शिकत होती. फ्रीजच्या दारावर मात्र लाहौलकडे उतरणाऱ्या त्या खिंडीचा नकाशा लावलेला होता. एप्रिलमध्ये जायचं, दोघांनी, बर्फ घट्ट असताना. स्की आणि बाकीचं सामान मनालीत भाड्याने मिळणार होतं. अडलं होतं ते बुटांवर, कारण भाड्याचे बूट घालून खिंड ओलांडणाऱ्यांच्या अकलेबद्दल तुझी मतं फार कडक होती.

तेवढ्यात इराकने कुवेत घेतलं. ऑगस्टात आपल्या कंपनीच्या कॅम्पातली, म्हणजे वसाहतीतली, परदेशी कुटुंबं भराभर निघू लागली. जाणारे आपलं सामान गॅरेजमध्ये मांडून ठेवायचे आणि ज्याला हवं त्याने न्यावं. आपल्या शेजारच्या गल्लीतला तो स्विस इंजिनियर आणि त्याची बायको दर हिवाळ्यात स्कीला जाणारे. तुला खबर लागली आणि तू मला भर दुपारी ओढत तिकडे नेलंस. हातात आपला स्वयंपाकघरातला वजनकाटा. लोक देश सोडून चाललेत आणि हा माणूस त्यांच्या गॅरेजमध्ये बूट तोलत बसलाय, हे दृश्य मला आजही शरमेने हसवतं.

पुरुषी बुटांचे दोन जोड होते. एक जाड प्लास्टिकचा, पुढे चार बकलं, घोट्यापासून वर नडगीला घट्ट आवळणारा. दुसरा दोनच बकलांचा, पातळ कवचाचा, मागे खटका. खटका उघडला की घोटा मोकळा होतो आणि चालता येतं, बंद केला की उतरण्यासाठी पाय धरला जातो. दुसरा काट्यावर इतका हलका भरला की तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. पाठीवरच्या ओझ्यापेक्षा पायातलं ओझं माणसाला लवकर मारतं, प्रत्येक पावलाला ते उचलावं लागतं, हे तुझं लाडकं तत्त्वज्ञान. "हलका बूट म्हणजे वेग," तू म्हणालास, "आणि वेग म्हणजे दुपारी हवा फिरायच्या आत आपण पलीकडे."

"आणि उतरताना?" मी म्हटलं. "बुटाने पाय धरलाच नाही तर स्की तुझं कशाला ऐकेल?"

"उतरणं काय, तास-दोन तासांचं. चढणं दिवसभराचं."

तू सगळं रीतसर केलंस, हे मी नाकारत नाही. आतला मऊ बूट बाहेर काढलास, नुसत्या कवचात पाय घातलास, बोटं पुढे टेकवून टाचेमागे दोन बोटं जातात का ते पाहिलंस. बरोबर दोन गेली. आतला बूट घालून उभा राहिलास आणि म्हणालास, "साच्यात ओतल्यासारखा." त्या गॅरेजमध्ये पंखाही नव्हता. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं. तुझे पाय नेहमीसारखे उन्हाने फुगलेले, संध्याकाळी सॅंडलचे पट्टे उमटायचे तसे. शिवाय आतला बूट त्या स्विस माणसाच्या पायाने आधीच दाबून सैल केलेला. बर्फात वापरायचा बूट आपण तापल्या पायांनी निवडतोय, हे त्या गॅरेजमध्ये कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी भांडत होते ती बकलांवरून.

मी घेतले त्याच्या बायकोचे, चार बकलांचे जड बूट. मला ते चावत होते. तू म्हणालास, "अगं, रक्त थांबेल." मी म्हटलं, थांबू दे. ती अक्कल नव्हती, हट्ट होता. तू हलके घेतलेस म्हणून मी जड घेतले, एवढंच त्यामागचं शास्त्र.

मग शुक्रवारचे सराव. दाऊदभाई आठवतात ना? न आठवायला काय झालं, आता तर तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात. हर्णैचे दाऊदभाई, धाहरानशेजारच्या खोबर शहरात त्यांचं टायरचं दुकान. जुम्म्याची नमाज झाली की ते आपल्याला त्यांच्या पिकअपमधून वाळूच्या टेकड्यांवर सोडायचे आणि सुलेमानी चहाचा थर्मास घेऊन चटईवर बसायचे. आपण स्कीचे बूट घालून वाळूचे डोंगर चढायचो. तू पुढे, मी मागे, केतकी दाऊदभाईंच्या चटईवर. एकदा वाटेत नव्या चौकीवर शिपायाने गाडी थांबवली. माझ्या अबायाखालून ते अवजड बूट दिसत होते. "एश हादा?" त्याने विचारलं. हे बर्फात घालायचे बूट आहेत, असं दाऊदभाईंनी त्याला अरबीत सांगितलं. त्याने चहूकडच्या वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तुझ्याकडे आणि "यल्ला, यल्ला" करून हाकललं. पुढे गेल्यावर दाऊदभाई म्हणाले, "भाभी, मना वाटला तो तुमाना आत टाकतो. पण येड्यांना धरून ठेवायला त्यांच्याकडं जागा नाय."

वाळूतही ते बूट तुला चपखल बसायचे. बसणारच. तिथेही पाय तापलेलेच. तू टेकडीच्या माथ्यावरून ओरडायचास, "बघ, टाच हलत पण नाही!" आणि मी खाली चार बकलांशी झटत तुला मनातल्या मनात शिव्या घालत असायची. त्या शुक्रवारांत मी फार सुखात होते. हे तुला कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

जानेवारीत लढाई पेटली. शाळा बंद झाली. त्याआधी महिनाभर आपण एकाच विषयावर भांडलो, मी केतकीला घेऊन पुण्याला जावं की नाही. तुझं म्हणणं, जा. तू? "मला नाही जाता येणार. रिफायनरीला काय कुलूप घालून जायचं?" मी म्हटलं, मग मीही नाही. तू मला हट्टी म्हणालास, बेजबाबदार म्हणालास, पोरीच्या जिवाशी खेळतेस म्हणालास. सगळं खरं होतं. मी गेले असते तर तुझ्या मागे तिथे काय होतंय ते रेडिओवर ऐकत बसावं लागलं असतं, आणि ते मला जमणार नव्हतं. भीती मला दोन्हीकडे होती. धाहरानची भीती निदान तुझ्याबरोबरची होती. शेवटी तू हरलास आणि म्हणालास, "बरं. एप्रिलची रजा मंजूर आहे. तिघं एकदमच निघू." मी त्या एप्रिलला धरून राहिले.

न्हाणीघराच्या खिडकीला तू प्लास्टिक लावलंस, कडांना टेप, दाराखाली ओला टॉवेल. केतकीला गॅसचा मुखवटा घालायची भीती वाटायची, तर तू त्याची शर्यत केलीस. बाबा आधी घालतो की केतकी. तू दर वेळी हरायचास, पट्टा कानात अडकल्याचं सोंग करून. त्याबद्दल तुझं बाकीचं बरंच काही मी माफ केलं.

आणि बूट. इराकी क्षेपणास्त्रांचा भोंगा वाजला की आपण तिघं आत, मुखवटे घालून, आणि तू मात्र आधी बेडरूममध्ये धावत जाऊन बूट घेऊन येणार. टबाच्या काठावर बसून बकलं आवळणार. आतला बूट पायाच्या आकाराला यायला हवा, नुसतं बसून वेळ कशाला घालवायचा, हे तुझं स्पष्टीकरण. केतकीने मुखवट्यातून विचारलं, "आई, व्हाय इज बाबा वेअरिंग स्नो शूज?" मी म्हटलं, बाबांना पळून जायचंय. तू मुखवट्याआड हसलास, काच धुक्याने भरली. वर कुठेतरी धडाड आवाज झाला, टबातलं साठवलेलं पाणी हललं. आपण तिघांनी एकमेकांचे हात धरले होते. मला त्या वेळी अगदी स्पष्ट वाटलं, की मरायचंच असेल तर हे असं चालेल. अशी भावना पुन्हा कधी आली नाही. तुझ्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात तर मुळीच आली नाही. तिथे तू एकटाच होतास आणि मी बाहेर बाकावर.

एका संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा तू घरी नव्हतास. रास तनुराची बस यायची वेळ टळून गेली होती. केतकी आणि मी आत बसलो. तुझे बूट कोपऱ्यात होते, त्यांच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर दाऊदभाईंचा फोन आला. "भाभी, रस्ता बंद हाय, बशी थांबवल्यान. घाबरू नका, मोहनराव येतील." तू आलास तो मुखवटा गळ्यात अडकवून, कपाळावर घामाचे ओघळ, आणि दारातच विचारलंस, "जेवायला काय आहे?" मी तुला ताट वाढलं आणि न्हाणीघरात जाऊन, दार लावून, रडले. तू आमटी मागून घेतलीस दोनदा.

लढाई संपली. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर काही दिवस आपल्यापर्यंत यायचा, दुपार कळकट व्हायची. एप्रिलमध्ये आपण निघालो. केतकीला पुण्यात माझ्या बहिणीकडे ठेवलं. लढाईतून जिवंत बाहेर पडलेल्या माणसांना वाटतं की आता आपलं काही वाईट होणार नाही. आपल्यालाही तसंच वाटत होतं.

चढाईच्या पहिल्या दिवशी तू मधूनमधून थांबून बकल आवळत होतास. दुसऱ्या दिवशी पहाटे, थंडी हाडात शिरलेली, तू बूट घातलेस आणि उभं राहून पाय आत हलवलेस. मी बघितलं. तू माझ्याकडे बघायचं टाळलंस. थंडीने पाय आपल्या मूळ मापावर आले होते आणि साच्यात ओतलेल्या त्या बुटात टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जात होती. तू दोन मोजे घातलेस, मग तीन. बकलं शेवटच्या खाचेपर्यंत आवळलीस तर पायाची बोटं बधिर व्हायला लागली. माझे चावरे बूट मात्र पायांना हातमोज्यासारखे बसले. त्यात माझं कसलंही कर्तृत्व नव्हतं. मी तुझ्या पुढे निघून गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच तू मागे होतास.

खिंड दिसत होती. शेवटचा चढ, वर निळं आकाश, वाऱ्याने कड्यावरून उडणारी बर्फाची धूळ. हवा स्वच्छ होती. माझं डोकं जरासं दुखत होतं, तेवढं त्या उंचीवर सगळ्यांचंच दुखतं. पायात दम होता, छातीत दम होता. मनालीहून बरोबर घेतलेला वाटाड्या वर उभा राहून हात हलवत होता. मी वळून पाहिलं तर तू बर्फात बसला होतास, एक बूट काढून. मी खाली उतरून आले. मोज्याची टाच लाल झाली होती. आत पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "तू जा त्याच्याबरोबर. मी इथून खाली जातो." एकट्याने, त्या टाचांवर, त्या उतारावर. मी म्हटलं, वेडा आहेस का. मी पट्ट्या सोलल्या आणि आपण खाली आलो.

याबद्दल माझी तक्रार नाही, नीट ऐक. पुन्हा तशी वेळ आली तरी मी खालीच येईन. तक्रार पुढची आहे. खालच्या गावात चहाच्या टपरीवर मालकाने विचारलं, "क्या हुआ साब, वापस?" आणि तू म्हणालास, "मॅडम की तबीयत ठीक नहीं थी." मी समोर बसले होते, ग्लास हातात. मला वाटलं, लाजलाय, संध्याकाळी बोलेल. तू पुण्यात तुझ्या आईला तेच सांगितलंस. माझ्या बहिणीला तेच. धाहरानला परत गेल्यावर दाऊदभाईंना तेच. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "भाभी, तुमी थकलात?" त्यांचा विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. मी म्हटलं, "हो, दाऊदभाई, दम लागला." त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

नंतर कितीदा विषय निघाला. मी काढला की तू सौदी पद्धतीने "खलास" म्हणायचास आणि उठून जायचास. पुन्हा खिंडीला जायचं राहिलं ते राहिलंच. केतकीची शाळा, तुझी बढती, मग पुणे, मग माझे गुडघे. निवृत्तीनंतर तू ट्रेकिंग क्लबात मुलांना सामानाबद्दल शिकवायला लागलास. रविवारी सकाळी पिशवीत वजनकाटा घेऊन निघायचास. मी एकदाही आले नाही. तिथेही मला 'झेपलं नाही' म्हणून ओळखत असतील असं मी धरून चालले होते.

परवा क्लबातली मंडळी आली. मृण्मयी म्हणून एक मुलगी, तू नाव घ्यायचास तिचं, आता तीच नव्यांना शिकवते. चहा झाल्यावर म्हणाली, "काकू, सरांचा बुटांचा तास आता मी घेणार. त्यांच्याच शब्दांत घेतला तर तुम्हाला चालेल ना?"

कुठल्या शब्दांत, मी विचारलं. तिला वाटलं मला पाठ असणार. तिने तुझी नक्कल केली, हात मागे बांधून, मान तिरकी करून.

"बूट थंड पायांनी घ्या. मी सौदीत भर उन्हाळ्यात सुजल्या पायांनी घेतले आणि हलके आहेत म्हणून मिरवले. माझी बायको खिंडीच्या तोंडाशी पोचली होती. पलीकडे गेली असती. माझ्या टाचांसाठी ती खाली आली आणि मी खाली येऊन सगळं तिच्या नावावर खपवलं. बूट चुकला की नुसती आपली टाच जात नाही. दुसऱ्याची खिंड जाते."

खोलीत सगळे मंद हसले, तुझ्या आठवणीने. मी विचारलं, असं कधी म्हणाले ते? ती म्हणाली, "दर बॅचला, काकू. पहिल्याच तासाला. मी शिकत होते तेव्हाही म्हणायचे."

मोहन, मला इतका राग आला की मी हातातली कपबशी खाली ठेवून दिली. म्हणजे तू कबूल केलं होतंस. दर वर्षी, नव्या नव्या पोरांसमोर, वजनकाटा पुढ्यात ठेवून. आणि घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसायचास. मी वाढायची, तू आमटी मागून घ्यायचास, आणि ते एक वाक्य तुझ्या तोंडून निघायचं नाही. अख्ख्या पुण्याला सांगितलंस, मला सोडून. आणि रागाच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, त्याला मी नाव देत नाही. एवढी वर्षं तू ते वागवत होतास.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणावं? ज्याची मी जन्मभर वाट बघितली ते अखेर चारचौघांत माझ्या पदरात पडलं होतं. मी मृण्मयीला म्हटलं, "अगं, सर काहीही सांगायचे. माझंच डोकं भणभणत होतं, दम संपला होता. मीच म्हटलं, परत जाऊ."

का म्हटलं ते मला विचारू नकोस. तू तिथे नव्हतास, तुझी बाजू घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.

तर आता असं आहे. तू म्हणतोस तुझ्यामुळे, मी म्हणते माझ्यामुळे. मी सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले आहे आणि शब्द मागे घेणार नाही, तू मला ओळखतोस. ऊठ, आणि एकदा तरी माझ्या तोंडावर 'नाही' म्हण.